वसतिगृहात जाताना

आमचे अनसिंग हे वाशीम-पुसद रस्त्यावरचे गाव आहे. दहावी-बारावीनंतर येथील बऱ्याच मुलामुलींना शिक्षणासाठी गाव सोडावे लागते. कोणी रोज बसने वाशीमला जाते-येते, तर कोणी अकोला, अमरावती, नांदेड अशा शहरांत वसतिगृहात राहते. उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल. तेव्हा गादी, बादली, ताट-वाटी यांच्याबरोबर विजेची काही उपकरणेही घ्यावी लागतील. ती कोणती घ्यावीत आणि कोणती घेऊ नयेत, याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

बी.एड. करताना मी दोन वर्षे वसतिगृहात राहिले. आमच्या खोलीत आम्ही तिघी होतो. भिंतीवर एकच बोर्ड होता आणि त्यावर दोन सॉकेट होती. हिवाळ्यात शेजारच्या खोलीतील एका मुलीने पाणी तापवण्यासाठी रॉड आणला. रॉडच्या प्लगच्या पिना जाड होत्या, त्या लहान सॉकेटमध्ये बसेनात. म्हणून तिने बाजारातून मधला जोड-प्लग आणला. चार दिवस सगळे ठीक चालले. पाचव्या दिवशी पहाटे सॉकेट वितळले. जळक्या प्लास्टिकचा वास सगळीकडे पसरला आणि पूर्ण मजल्यावरची वीज गेली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण त्या दिवशी अनेकींचा पेपर होता आणि त्यांनी शेवटची उजळणी बॅटरीच्या उजेडात केली.

असे का झाले? याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० ला ६ ने गुणले की १३८० येतात. म्हणजे त्या सॉकेटवर १३८० वॉटपेक्षा जास्त भार टाकू नये. तो रॉड १५०० वॉटचा होता. त्याच्यासाठी जाड पिनांचे १६ अँपिअरचे मोठे सॉकेट लागते. प्लगच्या पिना जाड केलेल्या असतात त्या याच कारणासाठी. जोड-प्लग लावला तरी भिंतीतील तारेची ताकद वाढत नाही. दहावीच्या विज्ञानात तुम्ही जूलचा नियम शिकता. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. परीक्षेत हा नियम दोन-तीन गुणांचा असतो, वसतिगृहात तो जिवाचा असतो.

म्हणून कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी ते उलटे करून पाहा. मागे किंवा खाली एक पट्टी असते. तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. टेबलावरचा एलईडी दिवा साधारण ५ वॉटचा, फोनचा चार्जर २० वॉटच्या आसपास आणि लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा असतो. एका खोलीतील तिघांनी तीन दिवे, तीन फोन आणि तीन लॅपटॉप एकाच वेळी लावले, तरी बेरीज २७० वॉट होते. याउलट एक किटली १५०० वॉटची असू शकते आणि इंडक्शन शेगडी २००० वॉटपर्यंत जाते. यावरून एक गोष्ट लक्षात येईल. उजेड देणारी आणि अभ्यासाला लागणारी उपकरणे थोड्या विजेवर चालतात. उष्णता देणारी उपकरणे फार वीज ओढतात. वसतिगृहाच्या नियमांत रॉड, शेगडी आणि इस्त्रीला बहुधा मनाई असते, ती यामुळेच.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी फार्मसीच्या शिक्षणासाठी अमरावतीला निघाली. तिच्या घरातून वसतिगृहात जाणारी ती पहिलीच मुलगी होती. जाण्यापूर्वी ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. वडिलांच्या खिशात घडी केलेली यादी होती. किटली, इंडक्शन शेगडी, रॉड, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, स्पीकर, असे बरेच काही तीत होते. सोयाबीनचे पैसे हाती आले होते आणि ते सगळे या यादीवर खर्च करायची त्यांची तयारी होती. ते म्हणाले, "मॅडम, परक्या गावात तिला कोणाकडे काही मागायची पाळी येऊ नये."

त्यांची माया मला समजत होती. यादी लांब होती, कारण त्यांची काळजी मोठी होती. मी मुलीला म्हटले, "आधी वसतिगृहात फोन कर. काय चालते आणि काय चालत नाही, ते विचार." तिने तिथल्या तिथे फोन लावला. यादीतील चार वस्तूंना तेथे बंदी होती. इस्त्री तळमजल्यावर सर्वांसाठी ठेवलेली होती. आंघोळीला गरम पाणी सकाळी मिळत होते. पेन्सिल घेऊन आम्ही एकेक वस्तू खोडत गेलो. शेवटी चार्जिंगचा टेबल-दिवा, चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणि एक थर्मास एवढेच उरले. वाचलेले पैसे वडिलांनी पुढच्या परीक्षेच्या फीसाठी बाजूला ठेवले. पुढे ती सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, सगळ्यांत जास्त कामाला येतो तो थर्मास. रात्री मेसमधून चहा भरून ठेवला की रमजानमध्ये सहरीलाही गरम मिळतो." थर्मासला ना वीज लागते ना सॉकेट!

आता त्या तीन वस्तूंविषयी थोडे सांगते. चार्जिंगचा दिवा घेतला की वीज गेली तरी अभ्यास थांबत नाही. शिवाय त्याचा उजेड आपल्याच वहीवर पडतो आणि शेजारी झोपलेल्या मैत्रिणीची झोप मोडत नाही. खर्चाचाही हिशेब करा. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज लागते. ५ वॉटच्या दिव्याला तेवढी वीज २०० तास पुरते. रोज चार तास वाचले तर पन्नास रात्री! १५०० वॉटचा रॉड तेच युनिट ४० मिनिटांत संपवतो.

एक्स्टेंशन बोर्ड घेताना त्याची भोके मोजू नका, तार पाहा. तार जाड असावी आणि प्लग तीन पिनांचा असावा. तिसरी पीन अर्थिंगची असते. उपकरणात बिघाड झाला तर विजेला जमिनीकडे जायची वाट ती देते. ती कधीही कापू नका. भोके चार असली तरी चौघांची मिळून ताकद एका सॉकेटएवढीच असते. बोर्डावर आयएसआयची खूण पाहा. ही खूण भारतीय मानक ब्यूरो देते. पूर्वीची भारतीय मानक संस्था १९८७ मध्ये ब्यूरो झाली, पण खुणेवर जुनी अक्षरे कायम राहिली. फोनच्या चार्जरवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. खूण खरी की खोटी, हे ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासता येते. ही सोय फुकट आहे.

आणखी एक गोष्ट. वसतिगृहाची खोली एकट्याची नसते. स्पीकर आणलात तर तुमचे गाणे सर्वांना ऐकावे लागते. साधे इअरफोन घेतलेत तर तुमचे गाणे तुमच्यापाशी राहते. आपण आणलेल्या वस्तूने दुसऱ्याची झोप, अभ्यास किंवा सुरक्षितता जात असेल, तर ती वस्तू कितीही चांगली असली तरी आपल्या कामाची नाही.

मित्रांनो, गाव सोडायच्या आधी घरच्यांबरोबर बसून अशी यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे तिचे वॉट आणि तिची किंमत लिहा. ती रोज लागेल का, तेही लिहा. मग वसतिगृहाचे नियम विचारा आणि नको ते खोडा. तुमच्या हातातील पैसा कोणाच्या तरी शेतातून किंवा मजुरीतून आलेला असतो. तो नीट खर्च करणे हाही शिक्षणाचाच एक धडा आहे.