परतीची वाट

यंत्राच्या इतर बिघाडांना आवाज असतो, वास असतो, निदान तेलाचा एखादा डाग असतो. विजेच्या बिघाडाला यांतले काहीच नसते. पेट्रोल नळीतून उतरताना दिसते. प्रवाह मात्र त्याच्या परिणामावरूनच ओळखावा लागतो.

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या आमच्या घराच्या अंगणात वडिलांची येझ्दी उभी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. जयचामराजेंद्र वडियार यांनी उद्‌घाटन केलेल्या या कारखान्यातून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९९६ मध्ये तो बंद झाला. जुने सुटे भाग शोधायला जिथे जावे लागते त्या जे. सी. रोडलाही वडियारांचेच नाव आहे. येझ्दी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले, हे खरे. पण एकाच दांड्याने किकही मारायची आणि गिअरही बदलायचे, ही जुन्या गाडीची खोड ज्यांच्या पायाला ठाऊक आहे त्यांना ते नाव पुरेसे वाटत नाही.

वडील गेल्यावर धाकट्या भावाने वर्षश्राद्धाआधी ती रंगवून आणली. सगळे भाग उतरवून चासीला जाड, आरशासारखा काळा रंग दिला होता. तेव्हापासून ती सुरूच होईना. दिवाळीपर्यंत झाली नाही तर भंगारात घालू, असे भाऊ म्हणाला. बोलणे रागाचे होते. गिऱ्हाईक मात्र त्याने खरोखरच पाहून ठेवले होते. या मागच्या सीटवर बसून निम्मे आयुष्य काढलेली आई यावर काही बोलली नाही.

भावाने नवा प्लग आणला, मग कंडेन्सर, मग कॉइल. बॅटरी दोनदा चार्ज करून झाली. तरी प्लग काढून इंजिनाच्या डोक्यावर टेकवला आणि किक मारली की निळ्या ठिणगीऐवजी एक पिवळट, आजारी ठिणगी दिसे. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजे.

शेवटी एक वृद्ध मिस्त्री घरी आले. भाऊ किक मारायला धावला तसे ते दखनीत म्हणाले, "किक नक्को मारो, भाई." तो 'नक्को' आपल्याच भाषेतून दखनीत गेलेला, परगावी तो अचानक कानी पडला की माणूस क्षणभर घरचा वाटतो. त्यांच्या पिशवीत दोन तारा जोडलेला सहा व्होल्टचा एक बल्ब होता, आणि पानांची डबी. पॉइंटची फट त्यांनी पाहिली, ०.४ मिलिमीटर, ठीक होती. मग बल्ब बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला. लख्ख पेटला. त्यानंतर एक तार बॅटरीच्या जिवंत टोकावर तशीच ठेवून दुसरी इंजिनावर टेकवली. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला.

"करंट है," ते म्हणाले, "वापस जाने कू रस्ता नइं."

मोटारसायकलमध्ये प्रवाह जातो तारेतून, पण परततो बहुतेक गाडीच्या अंगातूनच. बॅटरीचे एक टोक त्यासाठी चासीला बांधलेले असते. ते बांधलेले होतेच, पण त्या नव्या रंगावर. रंगाच्या थरातून प्रवाह कसाबसा झिरपत होता. बल्ब तांबूस करण्यापुरता, कॉइल भरण्यापुरता नाही. पॉइंट उघडताच कॉइलमधले चुंबकत्व कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब उसळतो. मुळात ते चुंबकत्वच अपुरे असेल तर नवी कॉइल तरी काय करणार?

मिस्त्रींनी बोल्ट सोडवला आणि पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासून लोखंड उघडे केले. भावाचा चेहरा पाहवत नव्हता. त्या रंगावर त्याने महिन्याचा पगार घातला होता. तार आवळून मिस्त्रींनी वर ग्रीस लावले, गंज चढू नये म्हणून.

तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर निघून अंगण भरले. आई गॅलरीत आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि धूर आत येऊ नये म्हणून मागचे दार ओढून घेऊन पुन्हा तिथेच उभी राहिली. गिऱ्हाइकाला काय कळवायचे हे भावाने अजून ठरवलेले नाही.