रात्रभर भात कुठं होता?

मैत्रिणींनो, रात्रीची जेवणं आटोपली आणि ओटा आवरायला घेतला, की पातेल्यांच्या तळाशी काय काय उरलेलं असतं ते मी तुम्हांला सांगायला नको. दोन वाट्या भात, पळीभर आमटी, कुणीच पुन्हा न घेतलेली भाजी. टाकवत तर नाही. मग आपण काय करतो? वर झाकण घालतो, दिवा मालवतो नि झोपायला जातो. सकाळचं सकाळी बघू! मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. सकाळी मोहरी-हिंगाची फोडणी घालून तो भात असा काही खमंग परतायचे, की घरची मंडळी ताजे पोहे सोडून त्यावर तुटून पडत. चांगलं तापवलं की झालं, शिळं असलं म्हणून काय बिघडतं, अशी माझी पक्की समजूत होती. ती कशी मोडली ते सांगते. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते.

२०११ सालचा मे महिना. आम्ही सोलापूरला राहतो. सोलापूरचा मे म्हणजे काय ते सोलापूरकरांनाच विचारा. दुपारी ४० अंशांच्या वर पारा, आणि रात्रीसुद्धा स्वयंपाकघराच्या भिंती गरम लागतात. पुतणीचं केळवण आमच्याकडे होतं. पंधरा-सोळा पानं. तोंडली घालून मसालेभात केला, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. आता पाहुणे यायचे म्हटल्यावर आपला हात कधी आखडता असतो का? दीड किलो तांदूळ घातले. पोटात आमरस-पुरी गेल्यावर भात कोण खाणार? अर्ध्याहून जास्त उरला. फ्रिजमध्ये आमरसाचं पातेलं, पन्ह्याच्या बाटल्या, दह्याचा सट. भाताचं मोठं पातेलं काही केल्या मावेना. ठेवलं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात. संध्याकाळी सातला शिजलेला भात तो!

सकाळी हे म्हणाले, "आज भात नको बाई, काल फार झालंय." मग आमच्या कामाच्या मावशी आल्या, तेव्हा मी तो सगळा भात कढईत घालून, पाण्याचा हबका मारून, चांगला वाफाळता केला आणि डबा भरून त्यांना दिला. "गरम गरम न्या, नातवंडं खातील," असंही म्हणाले. मनापासूनच दिला हो. पण पातेलं रिकामं झालं, सुटले एकदाची, असंही वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. मी शेजारच्या काकूंजवळ कुरकुरलेसुद्धा, "बघा, एवढं द्या-घ्या, तरी दांडी ती दांडीच!" बाराच्या सुमाराला त्यांची सून दारात उभी. दोन्ही नातू दवाखान्यात होते. एक पाच वर्षांचा, एक सात. भात खाऊन दोन-अडीच तास होतात न होतात तोच ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या आणि रात्रीपर्यंत पोटात पाणी ठरत नव्हतं.

मी तशीच गेले. पोरं मलूल पडलेली, हाताला सलाइन लावलेलं. मावशी मला म्हणाल्या, "वैनी, वास तर चांगला येत हुता वो भाताला." तक्रार नाही, राग नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं मला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी त्यांना जरा ठसक्यातच सांगितलं, की भात मी स्वतः तापवून दिला होता, चांगला वाफ येईपर्यंत. त्यांनी शांतपणे विचारलं, "काकू, सकाळी तापवलात ते ठीक. पण रात्रभर भात कुठं होता?"

या एका प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

भाताची तपासणी काही झाली नाही, पण लक्षणं आणि वेळ पाहून भातच कारण असावा, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी जे समजावून सांगितलं, ते मी घरी येऊन दिनदर्शिकेच्या मागं लिहून ठेवलं. तांदळाबरोबर मातीतला एक जंतू आपल्या घरी येतो. बॅसिलस सीरियस त्याचं नाव. नाव विसरलात तरी चालेल, त्याची खोड मात्र ध्यानात ठेवा. हा जंतू बियांसारखं कवच करून बसतो, आणि भात शिजताना ते कवच काही मरत नाही. भात गरम असेपर्यंत ते गप्प असतं. भात कोमट झाला, की ते रुजतं, जंतू भराभर वाढतात, आणि वाढता वाढता भातात एक विष सोडतात. सकाळी आपण तापवतो तेव्हा जंतू मरतात, पण विष जसंच्या तसं राहतं. प्रेशर कुकरच्या उष्णतेलाही ते दाद देत नाही. आणि त्याला ना वास, ना चव! भात आंबला, चिकट झाला, त्याला तार सुटली तर आपण टाकतोच की. पण हा भात नाकाला आणि जिभेला चांगलाच लागतो. आपण वास घेऊन बघतो, चमचाभर चाखून बघतो, आणि "चांगला आहे गं" म्हणतो, त्या परीक्षेत हे विष सापडतच नाही.

म्हणजे बघा, भाताचं बरं-वाईट सकाळी कढईत ठरत नाही. ते आदल्या रात्री, जेवणं झाल्यावरच्या त्या तासा-दोन तासांत ठरतं. आपण सारी खबरदारी सकाळी घेतो, आणि ती घ्यायची असते रात्री.

अन्न ५ अंशांच्या खाली थंड असलं, की त्यात जंतूंची वाढ अगदी मंदावते. ६० अंशांच्या वर गरम असलं, तरी वाढ होत नाही. या दोहोंमधली जी कोमट जागा, ती त्यांची. तिथं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असली तर एकच तास. आता सांगा, सोलापूर काय, अकोला काय, नागपूर काय, आपल्या उन्हाळ्यात आपल्या हाती किती वेळ आहे? एक तास. आणि आम्ही तो भात चौदा तास ठेवलेला!

घरी आल्यावर मला एकदम सासूबाईंची परात आठवली. त्यांच्या हयातीत घरात फ्रिज उशिरा आला. भात उरला, की त्या तो पातेल्यात कधी ठेवत नसत. परातीत पसरायच्या, मोकळा करायच्या, वर पातळ फडकं. मला वाटायचं, दाणा मोडू नये म्हणून ही हौस. आणि वाढायचं भांडं जाड बुडाचं, भरलेलं असलं, तर दुसऱ्या परातीत पाणी घेऊन त्यात ते ठेवायच्या. फार दिवसांनी कळलं, की भरलेल्या मोठ्या पातेल्याच्या पोटातला भात तासन् तास कोमटच राहतो. वरून हात लावला तर गार, आत बोट घातलं तर ऊबदार. कुकरचं झाकण लावून तसाच ठेवलेला भात तर आणखीच. परातीत पसरला की पाव तासात निवतो. अर्थात सासूबाईंचा भातही रात्रभर बाहेर राहायचाच, तो काही मी आता राहू देणार नाही. पण पसरून निववायची त्यांची रीत अगदी बरोबर होती. मी ती "जुनं खूळ" म्हणून सोडली आणि पातेलं झाकून निजायला लागले.

आता मी काय करते? शेवटचं पान उठलं, की आधी उरलेल्याची वाट लावते, ओटा मग. भात परातीत पसरते, जरा निवला की पसरट, झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. अगदी गार होण्याची वाट बघत बसत नाही, कारण वाट बघता बघताच डोळा लागतो आणि पातेलं ओट्यावर राहतं. थोडं कोमट आत गेलं तर फ्रिजचं काही बिघडत नाही. आमटी दोन उथळ भांड्यांत ओतते आणि पाण्याच्या परातीत ठेवून ढवळते. भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, तिसऱ्या दिवशी नाही. भाजी, आमटी दोन दिवस. खोबऱ्याचं वाटण घातलेलं असेल तर मी दुसऱ्या दिवसाचीही वाट बघत नाही. चिंच-कोकमाचं काही असेल तर ते पितळेच्या किंवा अल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायचं नाही, स्टील नाहीतर काचेचं.

तापवायचं ते लागेल तेवढंच बाहेर काढून. सगळं पातेलं काढायचं, तापवायचं, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असं तीनदा केलं की कोमट जागेतून त्याच्या तीन फेऱ्या झाल्या. आमटीला खळखळून उकळी यायला हवी, नुसती कडेनं बुडबुडे नकोत. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटका देतात आणि मधे थंडगार गोळा राहतो, म्हणून मधेच काढून ढवळायचं. आमच्यात काही जणी रात्री झोपताना आमटीला एक उकळी काढून तशीच ओट्यावर ठेवतात. मीही ठेवायचे. त्यानं आमटी आंबत नाही एवढं खरं, पण ते कवचवाले जंतू उकळीला भीत नाहीत, हे आता कळलंय ना! ज्यांच्याकडे मटणाचा रस्सा होतो, त्यांना तर हे जास्तच लागू. रस्सा दुसऱ्या दिवशी मुरून छान लागतो म्हणतात. मुरू दे, पण फ्रिजमध्ये मुरू दे.

फ्रिजचंही एक सांगते. आतल्या त्या गोल बटणावर ३ असं लिहिलेलं असतं, ते तीन अंश नव्हेत बरं का! मी कितीतरी वर्षं तसंच समजत होते. एक साधा तापमापक आत ठेवून पाहिला तर १० अंश! दारं सारखी उघडी, आत कोंबाकोंबी, मग थंडी कुठून पोचणार? आणि वीज गेली तर दार मिटूनच ठेवा. न उघडलेला फ्रिज साधारण चार तास तग धरतो. सारखं उघडून "थंड आहे का अजून" असं पाहायचं नाही.

आता मनातलं एक बोलू? शिळं खायचं कुणी, हे आपल्या घरांमधून न बोलताच ठरलेलं असतं. ह्यांना ताजं, मुलांना ताजं, आणि कालचं माझं. मीच काय, माझी आई, तिची आई, सगळ्यांनी तेच केलं. आपण खाऊनही उरलं, किंवा आपल्यालाच नकोसं वाटलं, की मग दाराशी येणारीला. मी त्या दिवशी जो भात आमच्या पानात वाढला नाही, तो मावशींच्या डब्यात कसा गेला? हा प्रश्न मला डॉक्टरीणबाईंनी विचारला नाही. मीच मला विचारते.

पोरं तिसऱ्या दिवशी घरी आली. डॉक्टरीणबाईंनी जलसंजीवनी करायला शिकवलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, नि घोट घोट देत राहायचं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. मावशी आठवड्यानं कामावर आल्या, नेहमीसारख्या बोलल्या, चहा घेतला. पण पुढं कितीतरी महिने मी काही द्यायला गेले, की "नगं वैनी, घरी हाय की." संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या तेवढ्या घेतल्या. दिवाळीचा चिवडा घेतला. ओलं काही नाही.

मग मी एक केलं. द्यायचंच असेल, तर आमची पानं वाढायच्या आधी, कुकर उघडला की पहिला त्यांचा डबा भरायचा. पहिल्यांदा भरला तेव्हा मावशी भांडी घासत होत्या. पदराला हात पुसत आल्या, डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं.

"आत्ताचा हाय?"

"आत्ताचाच. अजून आम्हीही जेवलो नाही."

"मग द्या," म्हणाल्या, आणि डबा पिशवीत ठेवला.