पैठणीचा रंग, लेकीचा नाच आणि एक कॅमकॉर्डर

येवल्यात आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे आणि मागच्या खोलीत माग. पैठणीचा फोटो कितीही चांगला काढला, तरी त्यावरून गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की साडी हलताना रंग पालटतो. ही धूपछाँव हलत्या चित्रातच कळते. दुसरी गोष्ट पदराची. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची नक्षीही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेला मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. पदर उलटून दाखवणं हीच आमच्या मालाची खरी जाहिरात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मराठी बायकाही आता फोनवर आधी हेच सांगतात, "ताई, व्हिडिओ पाठवा."

दुकानासाठी व्हिडिओ, लेकीचं शाळेतलं गॅदरिंग आणि संक्रांतीचे पतंग, अशा तीन कामांसाठी आम्ही कॅमकॉर्डर घेतला. तो नावाजलेल्या जपानी कंपनीचा, सर्वांत खालच्या किमतीच्या वर्गातला आहे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या वर्गातल्या यंत्रांचे गुणदोष जवळपास सारखेच असतात आणि घेणाऱ्याला ते कसे पारखायचे हे कळणं जास्त उपयोगाचं आहे.

आपल्याकडे या यंत्राला सगळे हँडीकॅमच म्हणतात. सोनीने त्या नावाचा पहिला कॅमेरा १९८५ मध्ये आणला. १९८९ मधलं त्यांचं सीसीडी-टीआर५५ हे मॉडेल ७९० ग्रॅमचं होतं आणि एवढा हलका कॅमेरा तेव्हा नवलाचा होता. आमचा बॅटरीसह सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेर आहे. कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली आणि मोबाइल आल्यापासून बाजारात मोजकीच मॉडेल्स उरली. मग मोबाइल असताना हा कशाला, असं घरात सगळ्यांनीच विचारलं.

त्याचं पहिलं उत्तर गॅदरिंगला मिळालं. पालकांच्या खुर्च्या मागे, स्टेज लांब. मोबाइलवर मुलं ठिपक्यांएवढी दिसतात आणि बोटांनी चित्र ताणलं की चेहरे फुटतात. कॅमकॉर्डरचा ३० पट ऑप्टिकल झूम भिंगं सरकवून चित्र जवळ आणतो, म्हणून चेहऱ्याचा तपशील टिकतो. खोक्यावर ३० च्या शेजारी ३५० हा आकडा ठळक छापलेला होता. तो डिजिटल झूमचा. त्यात आहे तेच चित्र ताणलं जातं. तो मेन्यूतून बंद करून टाकावा. शिवाय ट्रायपॉडवर लावला की कॅमेरा नाच, नाटुकलं, बक्षीस समारंभ असं सगळं सलग टिपत राहतो. मध्ये फोन येत नाही. फोटोच्या अनेक कॅमेऱ्यांत एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांचीच मर्यादा असायची, तीही इथे नाही.

मर्यादाही त्याच संध्याकाळी कळली. या वर्गातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर १/५.८ इंच प्रकारचा असतो, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम तीन मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. एवढ्या इवल्या जागेवर प्रकाश पडणार तरी किती? त्यात भिंगाचं तोंड रुंद चौकटीत एफ १.८ असतं आणि झूम पूर्ण ताणला की एफ ४ होतं. हिशेब केला तर आत येणारा प्रकाश जवळजवळ पाचपट कमी होतो. म्हणून मंद दिव्यांच्या गाण्यात चित्रावर दाणे उठले, आणि काळ्या पडद्यापुढे झोत पडला तेव्हा मुलींचे चेहरे पांढरेफटक झाले. कॅमेऱ्यात उजेड थोडा कमी केला की नाकडोळे परत येतात. जमेल तेवढं पुढे बसावं आणि अर्ध्या झूमवर काम भागवावं, हा त्यावरचा साधा उपाय.

दुकानात कसोटी वेगळी होती, ती रंगाची. मागच्या खोलीत खिडकीतून ऊन येतं आणि वर ट्यूबलाइट असते. राणी रंगाच्या पैठणीचं चित्रण करून मी आमच्या विणकर काकांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"वहिनी, ही राणी कुठंय? ही तर डाळिंबीकडे झुकली."

त्यांची नजर आयुष्यभर रेशमावर बसलेली आहे. ते म्हणाले ते खरंच होतं. ऊन आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकदम पडले की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स मधलंच काहीतरी धरतो. मग ट्यूब बंद केली, खिडकीच्या उजेडात साडीच्या जागी पांढरा कागद धरला आणि त्यावर व्हाइट बॅलन्स पक्का करून घेतला. पुन्हा चित्रण केलं. काका म्हणाले, "आता आपल्या घरची दिसते." साडी गिऱ्हाइकाच्या हातात पडल्यावर रंग वेगळा निघाला तर साडी परत येते आणि विश्वासही जातो. म्हणून हा पांढरा कागद मला कॅमेऱ्याच्या प्रत्येक आकड्याहून महत्त्वाचा वाटतो.

मागावरचं काम जवळून टिपताना आणखी काही गोष्टी लक्षात आल्या. काठाची नक्षी विणताना काकांची बोटं उभ्या धाग्यांमधून बारीक कांड्या फिरवत असतात. ऑटोफोकस कधी धागे धरतो, कधी बोटं, आणि चित्र आतबाहेर होत राहतं. फोकस एका जागी बांधला की मोराची मान, चोच, पिसं एकेका धाग्याने भरताना स्पष्ट दिसतात. कॅमेरा अगदी जवळ नेला तर त्याचीच सावली जरीवर पडते. मीटरभर मागे उभं राहून झूम करणं बरं. उन्हात जरीची चकाकून नुसती पांढरी पट्टी होते, तेव्हा एक्स्पोजर खाली आणावं लागतं. बारीक विणीवर कधी कधी इंद्रधनुषी लाटाही उठतात. धाग्यांची जाळी आणि सेन्सरवरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडल्याने हे होतं. झूम किंवा अंतर थोडं बदललं की लाटा जातात.

सर्वांत मोठी उणीव आवाजाची. काकांनी विणता विणता नक्षीची माहिती सांगितली, तर रेकॉर्डिंगमध्ये फणीचा ठोका मोठा आणि त्यांचं बोलणं दूर. झूमने चित्र जवळ येतं, आवाज येत नाही; कॅमेऱ्यावरचा माइक कॅमेरा उभा असतो तिथूनच ऐकतो. या वर्गातल्या बऱ्याच कॅमकॉर्डरांना बाहेरचा माइक लावायची खाच नसते. तोड अशी निघाली, की काकांच्या खिशात मोबाइल ठेवायचा, त्याला कॉलरचा माइक जोडून आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. संपादनात दोन्हीकडची टाळी जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. पण दर वेळी हा खटाटोप करावा लागतो. ज्यांना क्लास, मुलाखत, कीर्तन किंवा पाककृतीचे व्हिडिओ करायचे आहेत, त्यांनी दोन पैसे जास्त द्यावेत, पण माइकची खाच असलेलंच मॉडेल घ्यावं.

खरेदीआधी अमेरिकेतल्या दिरांनी फोन केला होता. "वहिनी, इथून घेऊन येतो, स्वस्त पडेल." मी नको म्हटलं. तिथल्या विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपली ५०. तिथले कॅमेरे बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी घेतात. आपल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. त्यांचा मेळ बसला नाही की पडद्यावर उजेड लपलपतो किंवा पट्टे सरकतात. इथल्या बाजारातला ५० चौकटींचा कॅमेरा घेतल्याने ती कटकट मिटली.

संक्रांतीला मात्र या यंत्राने मन जिंकलं. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आकाश पतंगांनी भरलेलं असतं आणि गच्चीगच्चीवर मांजाच्या आसाऱ्या फिरत असतात. उजेड भरपूर, त्यामुळे लहान सेन्सरही खुलतो. मोकळ्या निळ्या आकाशात ऑटोफोकसला धरायला काही सापडत नाही, म्हणून आधी लांबच्या पतंगावर फोकस बांधून घेतला. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा एवढी चांगली, की चालत चालत घेतलेलं चित्रही डोळ्यांना टोचत नाही. आसारी धरलेल्या सासऱ्यांचे हात, त्यांची वर लागलेली नजर आणि कापलेल्या पतंगामागे धावणारी पोरं, हे सगळं एका गच्चीवरून मिळालं.

कार्डाचा हिशेब घेण्याआधीच करून ठेवावा. फुल एचडीत सर्वांत चांगल्या दर्जाला सेकंदाला ५० मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. ६४ जीबीच्या कार्डात तीन तासही पुरते बसत नाहीत. २८ मेगाबिटच्या एव्हीसीएचडी या प्रकारात तासाला साधारण साडेबारा जीबी लागतात आणि घरगुती कामाला तो दर्जा पुरेसा आहे. लहान बॅटरी लांबच्या कार्यक्रमाला पुरत नाही. दुसरी जवळ ठेवावी किंवा चार्जर लावून ठेवावा. कार्यक्रम झाला की कार्ड लगेच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावं आणि मगच पुसावं.

माझं मत असं आहे. गॅदरिंग, लग्न, भजन, सामने असे लांबून आणि सलग टिपायचे कार्यक्रम घरात वरचेवर असतील, तर साधा कॅमकॉर्डर आजही पैसे वसूल करून देतो. दुकानातल्या मालाचे मिनिटभराचे व्हिडिओ हेच काम असेल, तर चांगला मोबाइल, एक ट्रायपॉड आणि कॉलरचा माइक एवढ्यात भागतं. कॅमकॉर्डर घेऊ नये. घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहून आपलीच एखादी गडद रंगाची साडी टिपून पाहा, दहा फुटांवरून कुणाला तरी बोलायला लावा आणि ते ऐका. रंग खरा आला आणि शब्द कळले, तरच पैसे मोजा.