घरात पक्षी आहेत का?

शिंद्यांच्या लष्कराबरोबर आमचे पूर्वज उत्तरेत आले आणि ग्वाल्हेरला स्थायिक झाले. मराठी भाषा आणि कुळाचार त्यांनी बरोबर आणले होते. कबुतरांचा शौक मात्र आमच्या घराने इथल्या मातीतून उचलला. वडिलांच्या वेळी वाड्याच्या गच्चीवर लाकडी ढाबळी होती. कचेरीतून परतले की ते मूठभर बाजरी घेऊन वर जात, आणि पुढचा तासभर त्यांना कोणी हाक मारू नये असा घरातला अलिखित नियम होता. त्यांच्या पश्चात ढाबळी ओस पडली. महसूल खात्याच्या बदल्यांत आम्हीही आज भिंड, उद्या शिवपुरी असे फिरत राहिलो.

२०२० साली सेवानिवृत्त झालो. मुलगी लग्न होऊन पुण्यास गेलेली, वाड्यात आम्ही दोघेच. वडिलांची आठवण म्हणा किंवा रिकामपण म्हणा, आम्ही लक्का कबुतरांच्या दोन जोड्या आणल्या. दोन वर्षांत त्यांची संख्या वीसवर गेली. मोराप्रमाणे शेपटी फुलवून चालणारी ती पांढरी कबुतरे पाहताना सकाळ कशी सरे ते कळत नसे. दाणे आम्ही घालत असू. ढाबळी झाडणे, विष्ठा खरवडणे, पिसे गोळा करणे ही कामे मात्र आमच्या सौभाग्यवतींकडे कधी गेली, ते आम्हांस आज आठवत नाही. आम्ही सोपवली नाहीत. तिने केली आणि आम्ही करू दिली.

२०२२ च्या हिवाळ्यात तिला कोरडा खोकला सुरू झाला. सकाळी ढाबळी झाडून खाली आली की दुपारी अंग मोडून येई, कणकण भासे; रात्रीपर्यंत उतरे. पुढे जिना चढताना धाप लागू लागली. वजनही घटले. दमा समजून श्वासाची औषधे सुरू झाली, पण उतार पडेना. मुलीकडे महिनाभर राहायला गेली, तेव्हा खोकला जवळजवळ थांबला. परतल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा सुरू. "अहो, मला या घराचीच ॲलर्जी दिसते," असे ती म्हणाली आणि आम्ही दोघेही हसलो. निदान तिने तिथेच केले होते, ते कळायला आम्हांला सहा महिने लागले.

त्या पहिल्या वैद्यकीय तपासणीत एक प्रश्न विचारला गेला होता : "घरात पक्षी आहेत का?" आम्ही उत्तर दिले, "नाही." पक्षी गच्चीवर होते, घरात नव्हते. विधानसभेच्या प्रश्नांना शब्दशः खरी पण उपयोगशून्य उत्तरे पाठवण्यात आमची हयात गेली होती. ती सवय पेन्शनबरोबर आमच्यासोबत घरी आली होती. सौभाग्यवतींनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि त्या गप्प राहिल्या. आमची कबुतरे जाऊ नयेत म्हणून त्या गप्प राहिल्या, हे त्यांनी पुढे सांगितले.

२०२३ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रश्न निराळ्या रीतीने विचारला : "अंकल, गच्चीवर, खिडकीत, शेजारी कबुतरे? कूलरचे पाणी कधी बदलता? पिसांची उशी, रजई?" या वेळी पळवाट नव्हती. छातीचा सीटी स्कॅन आणि रक्ततपासणी झाली. आजाराचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस.

हा आजार दम्याहून वेगळा आहे. कबुतराच्या पिसांवर एक मेणचट पांढरी भुकटी असते. ती भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ यांतील प्रथिने श्वासावाटे फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. काही माणसांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजून सतत लढत राहते, आणि त्या लढाईत फुप्फुसांनाच सूज येते. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप व खोकला ही त्याची एक खूण. संपर्क चालूच राहिला, तर सुजेच्या जागी व्रण धरतात आणि मऊ फुप्फुस ताठर होते. तो भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. कबुतरे पाळणाऱ्यांमधील या विकाराचे वर्णन अमेरिकेत १९६५ सालीच प्रसिद्ध झाले होते. त्याच सुमारास आमचे वडील गच्चीवर बाजरी टाकत होते, आणि त्यांच्या खोकल्याला घरात सगळे "जुना दमा" म्हणत.

भारतातील १९ शहरांमधील २७ केंद्रांनी फुप्फुसांच्या अशा जातीच्या विकारांची नोंद केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना हाच आजार होता. पक्ष्यांबरोबरच तीत एअर कूलरकडेही बोट दाखवले आहे, कारण ओल्या जाळीवर बुरशी वाढते. आमच्या गावी कूलरवाचून ज्येष्ठ निघत नाही, तेव्हा तो मुद्दाही आम्ही मनावर घेतला.

एकाच गच्चीवर वावरून आम्ही धडधाकट आणि ती आजारी, असे का? डॉक्टर म्हणाले, धूळ सर्वांनाच लागते, बाधते काहींनाच. शास्त्र म्हणून ते खरे आहे. पण धूळही सारखी वाटली गेली नव्हती. दाणे टाकणारा दूर उभा होता. झाडणारी वाकलेली होती.

मुख्य उपाय एकच होता : पक्षी घरातून जाणे. स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, पण संपर्क तुटल्याशिवाय त्यांचा भरवसा नाही, हेही बजावले. पक्षी गेल्यावरही त्यांची प्रथिने घरात कित्येक महिने राहतात. म्हणून ती मुलीकडे असताना मजुरांना चांगले मास्क देऊन, सगळे आधी पाण्याने भिजवून ढाबळी उतरवली. जुन्या गाद्या, पडदे, गालिचे काढून टाकले.

मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ साली जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो आम्ही वर्तमानपत्रांतून वाचला. भूतदयेची बाजू आम्हांस परकी नाही. तरी वाचकहो, कोणास दीर्घ खोकला असेल आणि गावाबाहेर गेल्यावर तो थांबत असेल, तर घरातील, गच्चीवरील, खिडकीतील प्रत्येक पक्षी डॉक्टरांना सांगा. विचारले नाही तरी सांगा.

आमची कबुतरे मुरारच्या एका शौकिनाने नेली. टोपल्या उचलण्यापूर्वी आम्ही त्याला सगळा वृत्तान्त सांगितला आणि विचारले, "ढाबळी कोण झाडते?" तो थबकला. मग म्हणाला, "घरवाली." तोंडाला बांधायचे मास्क आम्ही त्याच्या हाती दिले आणि झाडलोट त्यानेच करावी, असे विनवले. त्याने मान डोलावली.

सौभाग्यवती आता बऱ्या आहेत. व्रण गेले नाहीत, वाढलेही नाहीत. संध्याकाळी त्या गच्चीवर येतात, जिन्यात दोनदा थांबून. पूर्वी आम्ही पुढे निघून जात असू. हल्ली आम्हीही दोनदा थांबतो.