महालक्ष्मीचा गड आणि वाघाडीचा ध्वज

डहाणूच्या महालक्ष्मीला जावयाचे तर डहाणू रोडला उतरून पूर्वेकडे चारोटीची वाट धरावी, हा शहाण्या माणसाचा मार्ग. परंतु समुद्राकडून डोंगराकडे चढत जाणारा हा सगळा मुलूख मला सलग पाहावयाचा होता, म्हणून मी बोईसरलाच गाडी सोडली. 2013 साली चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून ही स्थानके मुंबईच्याच पदराला बांधल्यासारखी झाली आहेत, आणि चैत्री पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात तर पाळीवर निघालेला कारखान्यातला कामगार, मासळी विकून रिकामी टोपली घेऊन परतणारी मांगेलीण आणि देवीची ओटी भरावयास निघालेले कुटुंब ही एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेली आढळतात.

बोईसरच्या पश्चिमेला तारापूर. आजच्या वाचकाला हे नाव 1969 साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या अणुविद्युत केंद्रामुळे आणि त्यामागून आलेल्या रासायनिक कारखान्यांमुळे ठाऊक असते; परंतु पेशवे दफ्तर चाळणाऱ्याला तारापूर म्हटले की 1739 चा जानेवारी आठवतो. चिमाजी आप्पांच्या फौजेने त्या महिन्यात पोर्तुगीजांचा तारापूरचा कोट सुरुंग उडवून आणि तटावर चढून हस्तगत केला, आणि त्याच हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा कामास आला. वसईचा विजय त्यानंतर मे महिन्यात. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ही किनाऱ्याची सगळी ठाणी कागदावर नांदतात: कोणी बांधली, कोणी घेतली, कोणाचे किती माणूस पडले याचा हिशेब तेथे मिळतो. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालो आणि मैल-दोन मैलांतच हे कागदाचे राज्य संपत चालल्याची जाणीव होऊ लागली.

चिल्हारला अहमदाबादचा महामार्ग लागतो. उत्तरेकडे वळल्यावर मेंढवणच्या खिंडीजवळ अशेरीगडाचा उभा कातळ दिसतो. तोही पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिलेला, तेव्हा त्याचीही नोंद दफ्तरात आहेच. पुढे चारोटीच्या अलीकडे सूर्या नदीचा पूल येतो, आणि येथून देवीची हद्द सुरू होते असे मानावयास हरकत नाही, कारण तिच्या कथांपैकी सर्वांत खट्याळ कथा या नदीचीच आहे. वनवासात फिरत आलेला भीम देवीच्या रूपावर लुब्ध झाला व त्याने तिला मागणी घातली. देवीने अट घातली की, एका रात्रीत सूर्येला बांध घाल, मग लग्न. भीम शिळांवर शिळा रचीत सुटला. पहाट होण्याआधीच काम पुरे होणार हे ओळखून देवीने कोंबड्याची बांग दिली, आणि उजाडले असे समजून तो भाबडा पुरुष हातची शिळा टाकून निघून गेला. नदीतल्या खडकांच्या एका रांगेला लोक आजही भीमबांध म्हणतात. भीमाचे अपुरे काम पुढे पाटबंधारे खात्याने धामणीला पुरे केले. त्या धरणाचे पाणी पालघर-बोईसरपासून वसई-विरारपर्यंतच्या नळांत येते. खात्यावर मात्र अवेळी बांग देण्याचा प्रसंग देवीने आणला नाही. त्यांची मुदत रात्रीत संपणारी नव्हती.

महामार्गाला लागूनच, विवळवेढे गावात, पायथ्याचे मंदिर आहे. प्राचीन म्हणून ऐकलेल्या देवस्थानी गेल्यावर हेमाडपंती खांब, झिजलेला शिलालेख, निदान एखादा वीरगळ शोधण्याची आपल्या नजरेला खोड असते, आणि ती खोड येथे पार निराश होते. मंदिर स्वच्छ, रंगविलेले, नव्या घडणीचे. पाहून कोणी पुरातत्त्ववेत्ता थांबावयाचा नाही. मागे मात्र मुसळ उभे करावे तसा सुळका आकाशात गेलेला आहे. त्याला मुसळ्या डोंगर म्हणतात, आणि देवीचे मूळ ठाणे खाली नव्हे, तर त्या गडावर.

ती खाली कशी आली, याची कथा सर्वांच्या तोंडी आहे. एक गरोदर भक्तीण नेमाने गड चढत असे. दिवस भरत आले तेव्हा वाटेत तिला घेरी आली, आणि देवीने सांगितले की, तुझे कष्ट पुरेत, आता मीच पायथ्याशी येते. अशा कथा महाराष्ट्रात अनेक देवस्थानांच्या सांगतात. मला तिच्यातली व्यवहाराची बाजू अधिक मोलाची वाटते: देवी खाली आली, पण वरचे ठाणे तिने सोडले नाही. डोंगरच्या माणसाची देवी डोंगरावर राहिली आणि सुरतेपासून वसईपर्यंतच्या वाटसरूला, व्यापाऱ्याला, बागाईतदाराला ती सपाटीवर भेटू लागली. कोणाचाही हक्क बुडाला नाही. ती मूळची कोल्हापूरची, फिरत इकडे आली, असेही सांगतात. कोल्हापूरचे शिलाहार आपल्या ताम्रपटांत महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे बिरुद मिरवीत, तेव्हा या नावाला दक्षिणेकडे मोठी प्रतिष्ठा होती, हे खरे. परंतु डोंगरातली जुनी आई आणि कोल्हापुराहून आलेले नाव या दोहोंची गाठ पडली असावी, असे या गडाखाली उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.

आता ध्वजाविषयी. हनुमान जयंतीला, म्हणजे चैत्री पौर्णिमेला, जत्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. त्या पौर्णिमेच्या मध्यरात्री पुजारी ध्वज, नारळ आणि पूजेचे साहित्य घेऊन पायथ्याहून निघतो व उजाडण्यापूर्वी सुळक्याच्या माथ्यावर ध्वज लावून परत येतो. जेथे तो लावतो तेथे इतरांनी दिवसाढवळ्याही चढू म्हटले तर अवघड. देवीचेच बळ अंगात येते म्हणून तो चढतो, अशी श्रद्धा आहे. हा मान वाघाडीच्या सातवी कुटुंबाचा. ते आदिवासी कुटुंब आहे. आणि ध्वज येतो जव्हारच्या मुकणे घराण्याकडून.

या एका वाक्यात साडेसहाशे वर्षांहून अधिक इतिहास दडलेला आहे. जव्हारचे संस्थान महादेव कोळ्यांचे. त्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे याने एका राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि मिळताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढून त्यांनी डोंगरच्या डोंगर वेढून घेतला, असे सांगतात. भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसविणाऱ्या डायडो राणीचीही हीच गोष्ट. ट्यूनिसच्या आखातातली युक्ती सह्याद्रीत कोणी आणली याचा शोध विद्वानांनी घ्यावा, मला ती दोन्हीकडे स्वतंत्र सुचली असली तरी नवल वाटणार नाही. जयबाचा पुत्र नेमशहा याला 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. पुढे सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारच्या राजाला शिरपामाळावर भेटले. पेशव्यांच्या कारकीर्दीत संस्थानाचा पुष्कळ मुलूख गेला, खंडण्या बसल्या. इंग्रजी अंमल आला. 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार गेला, गादीची सत्ता गेली. ध्वज येत राहिला.

म्हणून मला असे वाटते की, या देवस्थानाचे वय त्याच्या दगडांत पाहू नये. ते मानपानात पाहावे. ध्वज कोणी द्यावा, कोणी उचलावा, कोणत्या गावाने वाट धरावी, ही वहिवाट म्हणजेच येथला शिलालेख होय, आणि तो दर चैत्रात नव्याने कोरला जातो. किनाऱ्यावरच्या ज्या कोटांसाठी एवढी माणसे पडली त्यांच्या तटांवर आज झाडे उगवली आहेत.

मी पोहोचलो तेव्हा जत्रेचा भर ओसरू लागला होता, तरी रस्त्याच्या दुतर्फा पाले उभी होती. नारळ, खण, हळदकुंकू हे सर्वत्र असतेच. येथे त्यांच्या शेजारी सुक्या बोंबलांच्या राशी, कांद्याच्या माळा, पावसाळ्याच्या बेगमीचे मसाले आणि पाय बांधलेले कोंबडे. ज्या देवीने कोंबड्याची बांग देऊन आपली सुटका करून घेतली, तिलाच नवसाचा कोंबडा चढावा, यात कोणाला विसंगती वाटत नाही. काही सोवळ्या मंडळींना हा नैवेद्य खटकतो. त्यांनी नारळ वाढवून पुढे जावे, देवीने त्यांनाही कधी अडविलेले नाही.

एका पालात एक वृद्ध वारली बाई करवंदे विकत बसली होती. पळसाच्या पानाचा द्रोण वळताना तिची बोटे पानाकडे पाहतही नव्हती. काडी टोचली, द्रोण झाला, मूठभर करवंदे आत पडली. मी सुळक्याकडे बोट करून विचारले की, आजी, झेंडा लावतात तिकडची वाट कुठून? तिने माझ्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाली, “ती वाघाडीवाल्याची वाट हाय, बाबा. तू पायऱ्यांनी जा.”

मी पायऱ्यांनी गेलो. चैत्रातले ऊन, साग निष्पर्ण, मोहाच्या फुलांचा आंबूस गोड वास, आणि वळणावळणावर धापा टाकीत बसलेली गुजराती व मराठी कुटुंबे, एकमेकांना पाणी देणारी. वरच्या ठाण्याशी बडेजाव नाही. तेथून पाहिले तर पूर्वेला जव्हारकडचे डोंगर एकावर एक चढत गेलेले, आणि पश्चिमेला उन्हाच्या धुरकट झळांत किनाऱ्याची सपाटी. खाली महामार्गावर मालमोटारींची रांग संपत नव्हती.

उतरताना मी पुन्हा त्याच पालाशी थांबलो. वारल्यांची धान्याची देवी कणसरी. नवे पीक प्रथम देवाला दाखवावे आणि मग तोंडात घालावे, हा त्यांचा नेम. भाद्रपदातल्या पितृबारशीला आदिवासी शेतकरी नवे धान्य, काकड्या आणि परसातल्या भाज्या घेऊन महालक्ष्मीला येतात, वाहतात आणि उरलेले तेथेच विकतात. चैत्राची जत्रा सगळ्या मुलखाची, तर ही प्रामुख्याने त्यांची. आजीला विचारले, तेव्हाही बसता काय? “बसते तर! काकडी आणते. चांगली हातभर असते.” मग द्रोण कागदात गुंडाळून देताना तिने बजावले की, पितृबारशीला यायचे तर सकाळी लवकर ये, दुपारी काकडी उरत नाही, आणि पिशवी घरून आण.