चार लिटरचा उद्योग

अमेरिकेत घरगुती बिअरची बहुतेक कृती पाच गॅलनची असते, म्हणजे जवळपास 19 लिटर. या आकड्यामागे चवीचं काहीही गणित नाही. पिण्याच्या पाण्याचे काचेचे मोठे बुधले त्या मापाचे मिळत आणि पुढे शीतपेयांच्या कंपन्यांनी मोडीत काढलेले स्टीलचे केगही नेमके तेवढेच निघाले. भांडं मिळालं तसं माप ठरलं, इतकंच. पण त्या मापाच्या 50 बाटल्या होतात आणि चव फसली तरी त्या कुणीतरी संपवाव्या लागतात. म्हणून ज्यांना बिअरचे निरनिराळे प्रकार करून पाहायची हौस असते, ती मंडळी हळूहळू एका गॅलनवर येतात. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. एवढ्याच मापाच्या काचेच्या बरणीत सफरचंदाचा रस किराणा दुकानात मिळतो. रस पिऊन झाला की तोंडाला भोकाचं रबरी बूच, बुचात आतला वायू बाहेर सोडणारा एअरलॉक, आणि झाला फर्मेंटर तयार. बाटल्या भरतात दहाएक.

हा छंद तिथे उजळ माथ्याने करता येतो तो 1978 च्या कायद्यामुळे. देशातली दारूबंदी 1933 साली उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र त्यातून राहून गेली ती 45 वर्षं. मग जिमी कार्टर यांची सही झाली आणि दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, एकट्याला 100 गॅलन अशी मोकळीक मिळाली. विकायची मात्र नाही. राज्यांनी आपापले कायदे बदलायला सवडीने घेतलं. मिसिसिपी आणि अलाबामा 2013 पर्यंत अडून बसले होते. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय घरात बिअर करू देत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाची धाव मायक्रोब्रुअरीच्या काउंटरपर्यंतच. तोच माणूस नोकरीसाठी न्यू जर्सीला किंवा सिअ‍ॅटलला गेला की एखाद्या हिवाळ्यात त्याच्या स्वयंपाकघरात माल्टचा वास येऊ लागतो.

काम तसं सरळ आहे. मोड आणून भट्टीत वाळवलेला आणि भरडलेला सातू, म्हणजे माल्ट, साधारण किलोभर घ्यायचा. कापडी पिशवीत घालून 66 अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचा. धान्यातली एन्झाइमं पिठाची साखर करतात. 63 अंशांच्या आसपास ठेवलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी उतरते. 69-70 अंशांवर ठेवलं तर न पचणारा गोडवा मागे राहून ती अंगाने भरते. पिशवी निथळून काढली की उरतं ते गोड वर्ट. ते हॉप्स, म्हणजे कडूपणा आणि वास देणारी फुलं, घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं. गार करायला तांब्याची नागमोडी नळी वगैरे काही लागत नाही, सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून पातेलं त्यात ठेवलं की पुरतं. मात्र इथून पुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुनाशकातून बुडवून काढलेली हवी. घरगुती बिअरमध्ये अर्धं कौशल्य धुण्यापुसण्याचं आहे, आणि ते कुठल्याही पाककृतीत पुरेसं लिहिलेलं नसतं.

छोट्या बॅचचा जाच वेगळा आहे. 19 लिटरमध्ये ग्रॅमभर हॉप्स इकडेतिकडे झाले तर जिभेला पत्ता लागत नाही. चार लिटरमध्ये 12 टक्के आल्फा आम्लाचे हॉप्स एक ग्रॅम जास्त पडले आणि तासभर उकळले, तर कडूपणा सात-आठ आयबीयूंनी चढतो. एवढ्या फरकाने हलकी गव्हाची बिअर भलत्याच वाटेला लागते. म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा काटा पहिल्या दिवसापासून हवा. 11 ग्रॅमचं यीस्टचं पाकीट 20 लिटरच्या हिशेबाने भरलेलं असतं, इथे अडीच-तीन ग्रॅम पुरे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायची कॅम्पडेनची एक गोळी सुमारे 75 लिटरला पुरते, तेव्हा चार लिटरला तिचा नुसता चुरा. आणि हा चुरा चुकवायचा नाही, कारण क्लोरीनची यीस्टच्या फिनॉलांशी गाठ पडली की बिअरला दवाखान्याचा वास येतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबायला हवं, कारण बिअरचे बरेचसे प्रकार मुळात पाण्याने घडवले आहेत. पिल्सन गावचं पाणी जवळजवळ क्षाररहित. बव्हेरियाहून बोलावलेल्या योसेफ ग्रोलने 1842 साली तिथे फिकट माल्टची सोनेरी लागर केली, ती त्या मऊ पाण्यात सुरेख उतरली. बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम भरपूर. सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि टोकदार लागतो, म्हणून तिथली पेल एल गाजली. डब्लिनच्या पाण्यात कार्बोनेट जास्त, त्यात फिकट माल्ट नीट मुरत नाही. पण काळपट भाजलेल्या माल्टची आंबट धार ते पाणी सांभाळून घेतं, आणि स्टाउट जमून येतो. या गावांनी काही ठरवून शैली काढली नव्हती, विहिरीला जे लागलं ते केलं.

घरी करणाऱ्याने यातून धडा घ्यावा तो असा: पुस्तकातला प्रकार निवडून पाण्याशी झगडण्याआधी पालिकेचा पाण्याचा अहवाल वाचावा. पाणी मऊ असेल तर काम सोपं. चार लिटरला एक ग्रॅम जिप्सम टाकलं की सल्फेट सुमारे 140 पीपीएमने वाढतं आणि पेल एलपुरतं बर्टन घरात येतं. उलट दिशा अवघड. जड पाणी मऊ करायला आरओचं पाणी विकत आणावं लागतं. अमेरिकन पेल एल तरी दुसरं काय आहे? इंग्रजांचाच प्रकार, फक्त हॉप्स ओरेगनमधून 1972 साली बाहेर पडलेले कॅस्केड, ग्रेपफ्रुटच्या सालीच्या वासाचे. केन ग्रॉसमन कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात 1976 पासून घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवत होते. 1980 मध्ये त्यांनी सिएरा नेवाडा ब्रुअरी सुरू केली आणि याच हॉप्सची पेल एल देशभर पोहोचवली.

यीस्टचा खेळ पाहायचा तर एकच वर्ट दोन बरण्यांत वाटावं. अर्धा गहू, अर्धा सातू, नावापुरते हॉप्स, आठ लिटर. मुख्य मुरवणीआधी 45 अंशांवर 15-20 मिनिटं थांबलं की फेरुलिक आम्ल सुटतं. एका बरणीत बव्हेरियन वाइत्सनचं यीस्ट, दुसरीत चिकोचं तटस्थ अमेरिकन. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे फेस आणि एअरलॉकची बुडबुड सारखीच; नाक लावलं की फरक कळतो. बव्हेरियन बरणीत लवंग आणि पिकलं केळं. ही लवंग त्या फेरुलिक आम्लातूनच येते आणि केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. 17 अंशांवर आंबवलं तर लवंग पुढे, 22 च्या वर केळं. शेजारच्या बरणीत ताज्या पावासारखा वास, बाकी काही नाही.

तापमानाच्या बाबतीत छोटी बरणी खोलीची बांधील असते. मोठ्या बुधल्यात यीस्ट स्वतःच्या ऊबेने आतलं तापमान दोन-चार अंशांनी चढवतं. छोटी बरणी मात्र हीटर चालू-बंद होईल तशी वरखाली होते. तिला पाण्याच्या टबात उभी केली की हा चंचलपणा बराच आवरतो. लागरला 10-12 अंश लागतात आणि घरचा फ्रिज त्याहून थंड असतो, तेव्हा मिनेसोटासारख्या राज्यात ती हिवाळ्यातच करावी. टेक्सासच्या उन्हाळ्यात लागरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तिथे नॉर्वेच्या शेतकरी घरांतलं क्वेइक आणावं. वॉस भागातलं हे यीस्ट 35 ते 40 अंशांवर खुशाल काम करतं आणि संत्र्याचा वास ठेवतं. लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन सॉफ्टवेअर अभियंत्याने या घराघरांत फिरून ते नोंदवलं, म्हणून आज त्याचं सुकं पाकीट दुकानात मिळतं.

घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला 1.050 दाखवत होता आणि आता 1.010 वर स्थिरावला, तर अल्कोहोल सव्वापाच टक्के. मग बाटल्या. लिटरला सहाएक ग्रॅम साखर फेसासाठी पुरते. आंबवण पुरतं थांबायच्या आत बाटली बंद केली किंवा साखर घालताना हात सैल सोडला, तर बाटली फुटू शकते. बाटल्या तपकिरी घ्याव्यात, उजेडाने हॉप्स बिघडतात.

मित्रमंडळी फुकटच्या बिअरला सहसा नावं ठेवत नाहीत, म्हणून दहातल्या दोन-तीन बाटल्या स्पर्धेला पाठवणं बरं. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पद्धतीत 50 गुण असतात: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर 10. परीक्षक बिअर चांगली आहे का यापेक्षा सांगितलेल्या प्रकारात बसते का ते पाहतात, आणि याची चीड अनेकांना येते. चीड रास्त आहे, पण त्या कागदावरचा अभिप्राय शेजाऱ्याच्या कौतुकापेक्षा उपयोगी पडतो. वरच्या दोन बरण्यांपैकी केळ्या-लवंगेची ‘वाइसबिअर’मध्ये जाते, तटस्थ यीस्टची ‘अमेरिकन व्हीट बिअर’मध्ये. पाकिटांची अदलाबदल झाली तर दोन्ही पडतात, वर्ट एकाच पातेल्यातलं असूनही.