रनिंग किती?

भाजी आणणारी व्हीआरएस

तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या बनू लागल्या. त्यांच्या ऑक्टेव्हियाची व्हीआरएस ही तेज आवृत्ती २००४ मध्ये आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, हाताने टाकायचे पाच गिअर. बाहेरून पाहिलं तर कुठल्याही बँक मॅनेजरची वाटावी अशी गाडी. मागचं दार काचेसकट वर उघडायचं आणि आत काटोलच्या संत्र्यांच्या पेट्या सहज मावायच्या. अशी गाडी रोज वापरण्यासाठीच असते. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, मग ऑफिस, संध्याकाळी नागपूरच्या गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी. रविवारी पहाटे वर्धा रोडला बुटीबोरी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, की तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायचा आणि टर्बोची शिट्टी ऐकायची. एकाच गाडीत दोन्ही.

आता व्हीआरएस दिसते ती कव्हराखाली. मालक सांगतो, "काढत नाही ना भाऊ मी तिला. किंमत येणार आहे."

या वाक्यापायी ज्या गोष्टी जात चालल्या आहेत त्यांची ही टिपणं. गाड्या अजून आहेत. त्यांचं रोजचं चालणं जात आहे, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं.

लाख किलोमीटरचे पेढे

जुन्या मीटरमध्ये आकड्यांची छोटी चाकं फिरायची. ९९,९९९ वरून सगळे आकडे एकदम वळताना बघायला घरची मंडळी गाडीत दाटीने बसायची. लाख किलोमीटर झाले म्हणजे मालकाने गाडी नीट ठेवली, वेळेवर ऑइल बदललं, ती त्याला घेऊन कुठे कुठे जाऊन आली, असा त्या आकड्याचा अर्थ होता.

आज सौद्यातला पहिला प्रश्न "रनिंग किती?" आणि उत्तर जितकं लहान तितकी किंमत मोठी. सिंगल ओनर, डॉक्टर ओनर, शोरूम कंडिशन, टायर कंपनीचेच, ही त्या बाजाराची भाषा. यातलं शेवटचं मला सगळ्यात जास्त खुपतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २५१८ म्हणजे २०१८ सालचा पंचविसावा आठवडा. सहा-सात वर्षांत रबर कडक होतं, मग नक्षी कितीही खोल असो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, त्यात उभ्या राहिलेल्या टायरचं वय आणखी लवकर वाढतं. दीडशे घोड्यांची गाडी अशा टायरांवर घेऊन कुणी सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर ती कुठे थांबेल हे सांगता येत नाही. आणि हेच टायर जाहिरातीत गुण म्हणून मोजले जातात.

'रनिंग इन'

नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ही पाटी असायची. पहिले हजार किलोमीटर इंजिनवर जोर द्यायचा नाही, मागच्यांनी हॉर्न वाजवू नये म्हणून. त्या पाटीत पुढच्या कैक वर्षांची तयारी होती.

चाकणची पोलो

पुण्याजवळ चाकणला २००९ च्या डिसेंबरात पोलोचं उत्पादन सुरू झालं आणि २०२२ मध्ये थांबलं. त्यातली जीटी टीएसआय २०१३ ची: १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, सात गिअरची डीएसजी ही स्वयंचलित पेटी. डोंगराएवढ्या शक्तीची गाडी नव्हे, पण लहान, घट्ट, आणि वळणावर चालवणाऱ्याचं ऐकणारी. नागपूरहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढायला यापेक्षा चांगली गाडी त्या पैशात मिळत नव्हती. २०१६ मध्ये तीन दारांची जीटीआय आली, १९२ अश्वशक्तीची, साऱ्या देशासाठी अवघ्या ९९.

पोलो बंद झाल्याचं जाहीर झालं आणि ज्यांनी ती कॉलेजला, नोकरीला जायला घेतली होती त्यांच्यातल्या कित्येकांची नजर बदलली. कालपर्यंत लक्ष्मीनगरच्या रस्त्याकडेला उभी राहणारी गाडी अचानक ठेव झाली. इथे एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. गाडीची किंमत पडणं हे मालकाचं नुकसान असतं, पण कुणासाठी तरी तेच दार असतं. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के घटलेली धरतात, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणारा पंचविशीतला मुलगा जोरदार इंजिनाची गाडी घेऊ शकत होता तो या उतरत्या आकड्यांच्या जिवावर. पहिल्या मालकाने ती वापरून, दोन-चार ओरखडे पाडून, निम्म्या किमतीला सोडलेली असायची. मग मुलगा ती रात्री रिंग रोडवर चालवायला शिकायचा, गिअर कुठे पाडायचा, वळणात शिरण्याआधी ब्रेक कसा सोडायचा हे अंगात मुरवायचा. चांगली गाडी उतरत्या पायऱ्यांनी हातोहात खाली यायची.

ते खाली येणं आता अडलं आहे. किंमत टिकवायची म्हणून गाडी चालत नाही, चालत नाही म्हणून किंमत टिकते, आणि तो मुलगा मोबाइलवर त्याच गाडीचे व्हिडिओ बघत बसतो.

हाताला कळणारा रस्ता

रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये पुंटो अबार्थ बाहेर पडली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, दिल्लीची शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालणारं, मोटरवर नव्हे. रस्त्यातला जोड, खडी, ओलावा, सगळं तळव्याला समजायचं. तिच्याआधी कुर्ल्याला बनलेली पालिओ १.६ होती, शंभर अश्वशक्तीची, २००१ सालची. दोन्हींच्या सुट्या भागांची आता शोधाशोध करावी लागते. म्हणूनही माणसं त्या काढायला घाबरतात, आणि ही भीती मी समजू शकतो. बंपर फुटला तर किमतीपेक्षा बंपर मिळण्याची चिंता मोठी.

तरी उभी पुंटो ही फक्त एक गाडी आहे. तिचं स्टीअरिंग काय सांगतं हे पार्किंगमध्ये कळत नाही.

एक मिनिट

टर्बोची गाडी दामटून आणली की लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन सावकाश चालू द्यायचं. टर्बोचं पातं तापलेलं असतं, तेल फिरणं एकदम थांबलं तर ते तिथेच जळून कोळसा धरतं. बाप गेटाशी गाडी उभी करून आत बसून राहायचा, मुलगा विचारायचा, "बाबा, उतरत काहून नाही?" आणि त्याला कारण कळायचं. अशी माहिती रोजच्या येण्याजाण्यातच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

आरएक्स १००

मोटारगाडी नाही, मोटरसायकल; पण नागपुरात या विषयाची सुरुवात हिच्यापासून करायला हवी होती. १९८५ ते १९९६. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ अश्वशक्ती, वजन साधारण शंभर किलो. इतक्या हलक्या गाडीला इतकी शक्ती म्हणजे सिग्नलवरून सुटताना पुढचं चाक उचलायचं. सीताबर्डीपासून कामठी रोडपर्यंत तिचा आवाज कुणाला ओळखायला शिकवावा लागला नाही. तिच्यावर पोलीस फिरले, वसुलीवाले फिरले, दूधवाले कॅन लावून फिरले. धुराचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली.

तिच्याबरोबर पेट्रोल पंपावरचं टू-टी ऑइलचं यंत्र गेलं, दांडा दाबून काचेच्या नळीत निळसर तेल चढवायचं ते. सायलेन्सर खोलून आतली काजळी भट्टीवर जाळणारा माणूस गेला. किकवर उजव्या पायाने अंदाज घेत, मग एकाच झटक्यात सुरू करण्याची नजाकत गेली.

आज चांगली आरएक्स लाखाच्या भाषेत बोलते. क्रोम चकाचक, रंग मूळ, टाकीवर हात लावू देत नाहीत. तिचा थोरला भाऊ राजदूत ३५०, १९८३ चा, ३४७ सीसीचा, तर त्याहून वरच्या भावात. ज्या गाडीने कुणा दूधवाल्याचा संसार चालवला तिला हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी पाहिली की मला आनंद होत नाही. जतन झालं हे खरं. पण ती अकरा घोडे घेऊन पळायची ही गोष्ट त्या हॉलमध्ये कुठे ठेवणार? आणि बाहेर काढली तरी समृद्धीवर तिला मज्जाव आहे. नागपुरापासून सुरू होणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही.

'व्हीए' पाटी

केंद्रीय रस्ते मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पुराण्या गाड्यांचे नियम काढले. मंत्रालय नागपूरच्याच नितीन गडकरींकडे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल नसला तर तिला विंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार. नियम चांगला आहे, भंगारापासून वाचवणारा आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची. म्हणजे १९८५ ची आरएक्स २०३५ मध्ये आणि २००४ ची व्हीआरएस २०५४ मध्ये ही पाटी मागू शकेल, आणि पाटी मिळाली की रोज वापरायची नाही हा कायदाच होईल. मधली तीस-पस्तीस वर्षं नियमांनी मोकळी ठेवली आहेत. दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार फी, सोबत पर्यावरण कर. ते भरा आणि चालवा. ही मोकळीक मालक स्वतःच परत करत आहेत.

उभी गाडी काय काय गमावते

बॅटरी उतरते. टायर खालच्या बाजूला चपटा होतो आणि पुढे वेगात थरथर देतो. ब्रेकच्या चकत्यांवर गंज बसतो, पावसाळ्यात चार दिवसांत. इंजिनच्या ऑइल सीलला तेल लागत नाही, ते सुकून चिरतं. एसीचा गॅस हळूहळू निघून जातो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनोन्महिने टाकीत पडून राहिलं की खाली पाणी धरतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्या मिश्रणासाठी बनलेल्याच नाहीत. उन्हाने हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडतात. उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः जुलै-ऑगस्टात, इंजिनखालची कोरडी जागा पाहून.

रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीला यातलं फारच थोडं होतं. किंमत राखायला उभी केलेली गाडी आतून किंमत सोडत असते, फक्त मीटरवर ते उमटत नाही.

मिस्टर बीनची मॅक्लारेन

मॅक्लारेन एफ-वन जगात १०६ बनल्या. मिस्टर बीन साकारणाऱ्या रोवन ॲटकिन्सनने १९९७ मध्ये एक घेतली, सुमारे ६ लाख ४० हजार पौंडांना. तो तिने खरेदीला जायचा, कामाला जायचा. दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतर दुरुस्तीचं बिल ९ लाख पौंडांवर गेलं आणि विमा कंपनीने ते भरलं. ४१ हजार मैल चालवून २०१५ मध्ये त्याने ती सुमारे ८० लाख पौंडांना विकली. मान्य, गाडी विरळ होती आणि मालक प्रसिद्ध. नागपूरच्या पोलोला हा न्याय लागू होणार नाही. पण ठोकलेली, दुरुस्त केलेली, भरपूर पळालेली गाडीही कुणी मोठ्या मोलाने घेतं, आणि अठरा वर्षांचं चालवणं मालकाकडेच राहतं, एवढं तरी यातून घेता येतं.

मालकाची बाजू

पगारदार माणसाला पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट जुन्या गाडीतूनच काढायचं असतं. मुलीची फी असते. त्याने किंमत बघू नये असं मी म्हणणार नाही. माझं भांडण ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, पैशाची निकड नाही, आणि तरी जो इंजिन गरम होऊ देत नाही त्याच्याशी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑक्टेव्हिया आरएस पुन्हा आली, यावेळी थेट बाहेरून, २६५ अश्वशक्ती, किंमत ४९ लाख ९९ हजार, देशाला फक्त १००. सगळ्या नोंदणीतच संपल्या. त्यातल्या किती पावसात भिजतील?

कानाने ओळखणारा मिस्त्री

बोनेट न उघडता सांगायचा. "टॅपेट बोलतंय." "बेअरिंग सुटलंय, वर्ध्याला जाऊ नका आज." हे ज्ञान त्याला दिवसाला दहा-बारा चालत्या गाड्या हाताखालून गेल्याने आलेलं. एकच इंजिन तीस हजारांवर, ऐंशी हजारांवर, दीड लाखावर कसं वाजतं हे त्याने ऐकलेलं असायचं. आता तेज गाड्यांचे मालक त्याला बोलावतात तेव्हा इंजिनात ऐकण्यासारखं काही नसतं. काम बहुतेक बॅटरीचं निघतं. गिऱ्हाईक गाडी बघायला येणार असतं, आणि गाडी सुरू होत नसते.